अंथरुणातून भिंतीवर : जीज बेंडच्या गोधड्या आणि त्यांच्यावरचा हक्क

रेशीमगाठ (धागाकर्ती)

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, विल्कॉक्स काउंटीत, अलाबामा नदी घोड्याच्या नालेसारखे वळण घेते आणि त्या वळणाच्या पोटात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूने एकच रस्ता. सरकारदरबारी तिचे नाव बॉइकिन असे आहे, पण लोक जुनेच नाव घेतात. इथल्या बायकांनी जुन्यापान्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या आज न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फियाच्या मोठ्या संग्रहालयांत आहेत आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर दहा तिकिटांचा संच काढला होता. मी स्वतः हौसेने गोधड्या शिवते. त्यामुळे अटलांटाला राहायला आल्यापासून तिथे जायचे मनात होते आणि गेल्या मार्चमध्ये तो योग आला.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण ती ठाऊक नसेल तर या गोधड्या नुसत्या रंगीत दिसतात. जोसेफ जी नावाच्या मळेवाल्याने १८१६ मध्ये इथे कापसाचा मळा वसवला. पुढे त्याच्या वारसांनी कर्जापोटी तो मार्क पेटवे या नातलगाला दिला आणि या पेटवेने शंभराच्या आसपास गुलामांना उत्तर कॅरोलिनापासून इथपर्यंत पायी चालवत आणले. आजही वस्तीतल्या बहुतेकांचे आडनाव पेटवे आहे. एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेल्या माणसांचेही तेच आडनाव आहे, कारण ते मालकाचे आहे. गुलामगिरी कायद्याने संपली तरी माणसे त्याच जमिनीवर वाट्याने कापूस पिकवत राहिली. १९३२ मध्ये त्यांना उधारीवर माल देणारा व्यापारी वारला आणि त्याच्या विधवेने वसुलीसाठी माणसे पाठवली. त्यांनी बैल, खेचरे, कोंबड्या, नांगर आणि साठवलेला मका, हाताला लागेल ते सगळे नेले. तो हिवाळा वस्तीने रेड क्रॉसच्या शिध्यावर काढला. सावकारी जप्तीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गोधड्या या काळातल्या आहेत. घरे लाकडी फळ्यांची, फटींतून वारा येई, म्हणून भिंतींना वर्तमानपत्रे चिकटवत आणि अंगावर गोधड्यांचे थर घेत. आत भरायला सरकी काढण्याच्या गिरणीतला झाडलोटीचा कापूस आणत आणि तो काठीने झोडपून पिंजत. अस्तराला पिठाची किंवा खताची रिकामी पोती लावत. आणि वरच्या बाजूला शेतात घालून विटलेल्या जाड निळ्या पँटी, सदरे, एप्रन.

तिथल्या शिवणघरात एका वयस्कर बाईंनी मला अशीच एक जुनी गोधडी उलगडून दाखवली. एका पट्टीवर पँटचा खिसा उसवून काढला होता. बाकीचे कापड उन्हाने पांढरट निळे झालेले, पण खिशाखाली झाकलेला तुकडा गडद, जणू आजच दुकानातून आणलेला. गुडघ्याच्या जागी कापड इतके विरलेले होते की आतला कापूस दिसत होता. त्यावर दुसऱ्या पँटचे ठिगळ लावलेले आणि ते ठिगळही गुडघ्याच्याच जागी झिजलेले. पहिला झिजवणारा कोण आणि दुसरा कोण हे त्यांना माहीत होते. एक वडील, एक भाऊ.

मिझुरी पेटवे या बाईंनी १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण म्हणून आणि पांघरायला म्हणून. ती आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. मी ती तिथे पाहिली होती आणि त्या वेळी डोळ्यांपुढे फक्त निळ्या, करड्या, मातकट पट्ट्यांची रचना होती. जीज बेंडला जाऊन आल्यावर तीच गोधडी आठवली की आता तिथे एका माणसाचे अंग दिसते. नेमके इथेच माझे अडते आहे. ही वस्तू भिंतीवर टांगल्यावर तिचे काय राहते आणि काय जाते? आणि दुसरा प्रश्न माझ्या कामाचा आहे. त्यांचा एक प्रकार आहे, ‘हाऊसटॉप’, म्हणजे छप्पर. मधला एक चौकोन आणि त्याभोवती पट्ट्यांचे चौकोनामागून चौकोन. तो पाहून माझ्या हाताला खाज सुटली आहे. तो मी शिवावा का, आणि शिवला तर तो काय म्हणून दाखवावा, याविषयी आपली मते वाचायला आवडतील.

चित्रवेडा

धागा आवडला. पण भिंतीवर टांगल्याने गोधडीचे काही जाते या आपल्या सुराशी मी पूर्ण सहमत नाही. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात या गोधड्यांचे प्रदर्शन भरले, त्याच वर्षाअखेर ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेले आणि समीक्षकांनी त्यांची तुलना विसाव्या शतकातल्या अमूर्त चित्रकारांशी केली. ती तुलना मला योग्य वाटते. ॲनी मे यंग यांची १९७६ ची गोधडी पाहा. मध्ये तांबड्या, केशरी, तपकिरी कॉर्डरॉयच्या, म्हणजे उभ्या रेघांच्या जाड कापडाच्या, पट्ट्यांचा चौकोन आणि भोवती कामाच्या कपड्यांचे विटके निळे रुंद काठ. रंगांचे इतके धाडसी वजन तोलणे हे शिकलेल्या चित्रकारालाही सहज जमत नाही. ही गोधडी ज्या घरात शिवली त्या घरात तिला कोणी चित्र म्हणून पाहत नव्हते. संग्राहक विल्यम आर्नेट यांनी १९९८ मध्ये तिचे छायाचित्र पाहिले, तेव्हा ती लाकडाच्या मोळीवर टाकलेली होती. शोध घेत ते बाईंच्या दारी पोहोचले, त्याच्या थोडेच दिवस आधी बाईंनी काही जुन्या गोधड्या डास पळवायला जाळल्या होत्या. भिंत मिळाली नसती तर त्यांचा धूर झाला असता, हे मान्य करायला हवे.

भाजणी

वरच्या प्रतिसादातल्या ‘कोणी चित्र म्हणून पाहत नव्हते’ या वाक्याला माझी हरकत आहे. घरात वापरायची वस्तू वापरून संपली की ती जाळणे म्हणजे तिचे सौंदर्य न कळणे नव्हे. त्या बायका एकमेकींच्या गोधड्या वसंत ऋतूत कुंपणावर वाळत घातलेल्या पाहायला मुद्दाम फेरफटका मारत, कोणाचा हात कसा आहे याची चर्चा करत आणि ठरलेल्या नमुन्याबाहेर जाऊन शिवलेल्या गोधडीला ‘माय वे’, म्हणजे माझ्या पद्धतीची, असे म्हणत. समीक्षेची भाषा तिथे होतीच, ती आपल्या कानावर उशिरा आली.

मी कुंभारकाम करतो, म्हणून मातीतले एक उदाहरण देतो. दक्षिण कॅरोलिनातल्या एजफील्ड भागात गुलाम कारागिरांच्या हातून उच्च तापमानाला भाजलेली, राखेच्या झिलईची भांडी होत. त्यांत डेव्हिड ड्रेक, म्हणजेच ‘डेव्ह’, हा कुंभार होता. जन्म १८०० च्या आसपासचा. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे त्या राज्यात १८३४ मध्ये कायद्याने बंद झाले आणि त्याच वर्षापासून त्याच्या हाताच्या तारीखवार ओळी भांड्यांवर सापडतात. ओल्या मातीवर, भाजण्याआधी, टोकदार काडीने कोरलेल्या दोन-दोन ओळींच्या कविता, खाली तारीख आणि पुष्कळदा ‘डेव्ह’ अशी सही. १६ ऑगस्ट १८५७ च्या एका बरणीवर तो विचारतो की माझी सगळी नातीगोती आता कुठे असतील, आणि पुढच्याच ओळीत सगळ्या माणसांशी, सगळ्या राष्ट्रांशी मैत्र मागतो. माणसे सुटी सुटी विकली जाण्याच्या काळात मालकाच्या नजरेसमोर हे लिहिणे किती धोक्याचे होते याची कल्पना करा.

आता कामाकडे पाहा. १८५९ मध्ये बॅडलर नावाच्या दुसऱ्या गुलामाच्या मदतीने त्याने घडवलेली एक बरणी सुमारे चाळीस गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची आहे. मी चाकावर वीस लिटरच्या पुढे गेलो की खांदा बोलायला लागतो. एवढी मोठी बरणी एका दमात चाकावर उठत नाही. खालचा भाग चाकावर ओढून थोडा सुकू द्यायचा, मग वर मातीच्या जाड वळ्या चढवत भिंत वाढवायची, आणि खालचा भाग जास्त वाळला तर जोड फाटतो, कमी वाळला तर सगळे वजनाने बसते. ड्रेकच्या बरण्यांच्या खांद्यावर हे जोड हाताला लागतात. त्यात मळ्यावर खारवलेले डुकराचे मांस आणि चरबी साठवत. चित्र म्हणून पाहा म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की कवितेच्या मागच्या बाजूला मांसाच्या मिठाने झिलई खाल्लेली असू शकते, आणि माझ्या लेखी तोही त्या भांड्याचाच मजकूर आहे.

पाऊलवाट

उत्तम चर्चा. एक भर घालतो. गुलामगिरीच्या काळात उत्तरेकडे पळून जाणाऱ्या गुलामांसाठी गोधड्यांमध्ये गुप्त खुणा असत, अमुक नमुना कुंपणावर टांगला की ‘निघायची तयारी करा’ असा अर्थ, असे मी एका व्याख्यानात ऐकले होते. जीज बेंडच्या गोधड्यांतही असे काही आहे का?

सुतळी

पाऊलवाट, ही कथा फार लोकप्रिय आहे आणि शाळांतूनही शिकवली जाते, पण तिला त्या काळातला पुरावा मिळत नाही. पळून गेलेल्या शेकडो गुलामांची निवेदने छापलेली आहेत, त्यांत या खुणांचा उल्लेख येत नाही. शिवाय ज्यांना खुणेचे म्हणून सांगितले जाते त्यांतले काही नमुने बऱ्याच नंतरचे आहेत. ही कथा १९९० च्या दशकाअखेर एका पुस्तकामुळे पसरली. ती लोकांना का आवडली हे समजण्यासारखे आहे, पण ती मान्य केली की प्रत्यक्षात हाती असलेली गोधडी फिकी पडते आणि मग तिच्यातल्या झिजलेल्या गुडघ्याकडे कोणी पाहत नाही.

मी कापडाच्या जतनाचे काम करते. ज्या गोधडीत खरोखर गोष्ट सांगितली आहे, ती हॅरिएट पॉवर्स यांची. १८३७ मध्ये जॉर्जियात गुलाम म्हणून जन्म. १८८६ मध्ये अथेन्स शहरातल्या कापूस मेळ्यात त्यांनी बायबलमधल्या प्रसंगांची अकरा चौकटींची गोधडी मांडली. आकृत्या कापडातून कापून वर शिवलेल्या, पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमीच्या राजदरबारी कापडकामाशी नाते सांगणाऱ्या. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती मागितली, पॉवर्स यांनी साफ नकार दिला. चारेक वर्षांनी घरची ओढाताण झाली तेव्हा त्या स्वतःच ती घेऊन आल्या. बैलगाडीतून, मांडीवर, स्वच्छ पिठाच्या पोत्यात गुंडाळून आणि त्यावर पुन्हा गोणपाट लावून. दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. निघण्याआधी त्यांनी एकेका चौकटीचा अर्थ सांगितला आणि स्मिथबाईंनी तो लिहून घेतला. नंतर त्या आपली गोधडी पाहायला अनेकदा त्यांच्या घरी येऊन गेल्या. पोरीला सासरी दिल्यावर आई जशी काही ना काही निमित्त काढून जाते, तसे मला वाटते. ती गोधडी आज स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. त्यांची दुसरी पंधरा चौकटींची गोधडी बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे आणि तिच्यात १८३३ च्या नोव्हेंबरातला उल्कावर्षावही आहे. तो पॉवर्स यांच्या जन्माआधीचा. म्हणजे घरातल्या थोरांनी सांगितलेली रात्र त्यांनी कापडावर उतरवली.

जाता जाता एक व्यावहारिक गोष्ट. अशा गोधड्या संग्रहालयात गेल्यावर काही महिनेच मांडलेल्या असतात आणि मग अंधारात जातात, म्हणून लांबून जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. जुन्या सुती कापडाला पन्नास लक्सच्या वर प्रकाश सोसत नाही. काळ्या आणि गडद तपकिरी तुकड्यांत रंग पक्का करायला लोहक्षार वापरलेला असतो आणि तो कापड आतून खातो. त्यामुळे पुष्कळ जुन्या गोधड्यांत बाकी सगळे शाबूत असते आणि फक्त काळे तुकडे भुगा होऊन गळालेले असतात. घरच्या जुन्या गोधड्या धुण्याच्या यंत्रात टाकणाऱ्यांनी हे वाचून थोडे घाबरावे.

घाटमाथा

धागाकर्तींना गोधडीचा धागा आफ्रिकेपर्यंत न्यायचा असेल तर एक मुक्काम आपल्या शेजारीही आहे. मी मूळचा बेळगावचा, नोकरीनिमित्त काही वर्षे यल्लापूर-हल्याळ भागात होतो. उत्तर कन्नडच्या या जंगलपट्टीत सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आणि तिथून घाट चढून पळालेल्या माणसांचे वंशज त्यांच्यात बरेच आहेत. घरात कोकणी-मराठीच्या जवळची बोली बोलतात. त्यांच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. खाली जुनी साडी अंथरायची, कडेपासून तुकडे लावायला सुरुवात करायची आणि धावदोऱ्याने फेर धरत आत आत जात मध्याशी संपवायचे. चार कोपऱ्यांना घड्या घालून केलेले त्रिकोणी कापडी फूल लावतात, त्याला ‘फुला’ म्हणतात. एका आजींनी मला सांगितले की फुला नसलेली कवंदी उघडी दिसते.

अमेरिकन अभ्यासक हेन्री ड्रूअल यांनी या कवंद्यांवर काम केले आहे आणि त्यांच्यामुळे त्या अमेरिकेत पोहोचल्या. मात्र दोन्हीकडचे रंग पाहून ‘हे आफ्रिकेचे रक्त’ म्हणून मोकळे होऊ नये, असे माझे मत आहे. हाऊसटॉप मधून बाहेर वाढते, कवंदी बाहेरून आत येते. शिवणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही दोन अगदी उलटी कामे आहेत. कडेकडेने आत येणारा धावदोरा आपल्याकडच्या गोधडीत आणि वाकळेतही असतो, म्हणजे सिद्दी बायकांनी तो शेजारणींकडून घेतला असणे अगदी शक्य आहे. मग त्यांचे स्वतःचे काय? मला वाटते, फुला आणि रंग निवडण्यातला तो बेधडकपणा.

पाटीपेन्सिल

घाटमाथा यांच्या प्रतिसादानंतर एका जुन्या दुव्याची आठवण करून द्यावीशी वाटते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केली आहे. ड्रेकच्या बरणीवरचा शाईविना लिहिलेला प्रश्न आणि पुण्यातली ती अर्पणपत्रिका यांत सोळा वर्षांचे अंतर आहे. वर्गात मी हे दोन्ही एकाच तासाला फळ्यावर लिहितो. मुले पहिल्यांदा विचारतात की गुलामाला लिहिता कसे येत होते.

चित्रवेडा

भाजणी यांचा मुद्दा मान्य, शब्द मागे घेतो. पण बाजाराचे काय? ड्रेकची १८५८ मधली पंचवीस गॅलनची बरणी २०२१ मध्ये आर्कान्सामधल्या क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयाने पंधरा लाख डॉलरहून जास्त किमतीला घेतली. भिंतीने किंवा काचेच्या पेटीने वस्तू वाचते आणि तिची किंमतही होते, पण ती किंमत कोणाच्या घरात जाते?

रेशीमगाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. चित्रवेडा यांनी विचारलेला प्रश्न जीज बेंडमध्ये फार जुना आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तिथला पैशाचा पहिला मार्ग १९६६ मध्ये निघाला. ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था नागरी हक्क चळवळीच्या ऐन भरात सुरू झाली. आदल्या वर्षी फेब्रुवारीत मार्टिन लूथर किंग जीज बेंडला येऊन गेले होते आणि मतदार म्हणून नाव नोंदवायला जाणाऱ्यांची घरे आणि रोजगार जात होते. त्याआधी १९६२ मध्येच नदीवरची फेरीबोट बंद झाली होती, म्हणजे नोंदणीसाठी समोरच्या काठावरच्या कॅम्डेनला जायचे तर रस्त्याने तासाभराहून मोठा वळसा पडे. ती फेरीबोट पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. संस्थेच्या गोधड्या न्यूयॉर्कमध्ये विकल्या गेल्या, पण शहरातल्या दुकानांना सगळ्या एकसारख्या हव्या होत्या, टाके मोजून, माप काटेकोर. १९७२ मध्ये सीअर्स कंपनीचे कॉर्डरॉयच्या उशीच्या अभ्र्यांचे मोठे काम मिळाले. दिवसभर तेच ते अभ्रे शिवून बायका घरी जाताना उरलेल्या चिंध्या नेत आणि रात्री त्यांच्या मनाजोग्या गोधड्या करत. चित्रवेडा ज्या तांबड्या-केशरी कॉर्डरॉयवर लुब्ध आहेत, तसल्या कापडाची वस्तीत रेलचेल झाली ती या कामामुळे. तांबड्या मातीतल्या गावात सोनेरी, शेवाळी, करड्या रंगाचे जाड कॉर्डरॉय आले कुठून, हे मला आधी कोडेच होते.

प्रदर्शनानंतरचा काळ अधिक गुंतागुंतीचा आहे. गालिचे, चादरी अशा सगळ्यांवर हे नमुने छापले गेले. २००७ मध्ये वस्तीतल्या काही शिवणाऱ्या बायकांनी आर्नेट कुटुंब आणि त्यांच्याशी संबंधित संस्थांवर मोबदल्याबाबत दावे लावले आणि पुढच्या वर्षी ते तडजोडीने मिटले. त्यानंतर आर्नेट यांनीच उभ्या केलेल्या ‘सोल्स ग्रोन डीप’ या प्रतिष्ठानाने २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला सत्तावन्न कलाकृती दिल्या, त्यांत या गोधड्याही होत्या. २०२१ पासून कित्येक बायकांची इंटरनेटवर स्वतःच्या नावाची दुकाने आहेत आणि तिथला पैसा सरळ शिवणाऱ्या हाताला जातो. मला गोधडी दाखवणाऱ्या बाईंची नात हे दुकान मोबाइलवरून सांभाळते. ‘आजीला किंमत ठरवता येत नाही, ती सगळ्यांना स्वस्तात देऊन टाकते,’ ही तिची तक्रार होती आणि आजी खुर्चीत बसून हसत होत्या.

ड्रेकच्या बाबतीत तर २०२५ मध्ये एक नवेच वळण आले. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाने आपल्याकडच्या दोन बरण्यांची मालकी त्याच्या वंशजांच्या नावे केली, मग त्यांतली एक त्यांच्याकडून रीतसर विकत घेतली आणि दुसरी उसनी ठेवून घेतली. विकत घेतलेल्या बरणीवरच्या ओळींचा अर्थ असा आहे की ही बरणी मी रोख पैशासाठी केली, जरी लोक पैशाला कचरा म्हणतात. १८५७ मध्ये त्याच्या हाती ते पैसे येण्याची सोय नव्हती.

आता एका पिशवीविषयी लिहायचे राहिले आहे. तिच्यामुळे माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला थोडेफार सापडले. २००७ मध्ये टेनेसीतल्या एका जुन्या बाजारात, वीस डॉलरला विकायला ठेवलेल्या चिंध्यांच्या ढिगात, एका बाईला जाड सुती पोते सापडले. ठिगळे लावलेले, डाग पडलेले. त्यावर रूथ मिडलटन या स्त्रीने १९२१ मध्ये दोऱ्याने दहा ओळी भरल्या आहेत. तिची पणजी रोज हिने आपली मुलगी ॲश्ली दक्षिण कॅरोलिनात नऊ वर्षांची असताना विकली गेली तेव्हा हे पोते तिला दिले. आत एक फाटका झगा, तीन मुठी पिकॅन, हा अक्रोडासारखा मेवा, आणि आई रोज हिच्या केसांची एक वेणी. यात माझी माया कायम भरलेली राहील, असे तिने मुलीला सांगितले. मायलेकी पुन्हा भेटल्या नाहीत. ॲश्ली माझी आजी, असे रूथ शेवटी लिहिते, मग नाव आणि साल.

२०१६ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टनला आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृतीचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. वास्तुविशारद डेव्हिड ॲडजाये यांनी त्याला पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या शिल्पातल्या तीन थरांच्या मुकुटाचा आकार दिला आहे आणि बाहेरची जाळी चार्ल्स्टन आणि न्यू ऑर्लिन्समधल्या गुलाम लोहारांच्या कामावरून घेतली आहे. त्या भव्य इमारतीत मी सर्वांत जास्त वेळ या पोत्यासमोर उभी होते. मूळ मालक असलेल्या संस्थेने ते तेव्हा तिथे उसने दिले होते. दहा ओळी नसत्या तर ते धान्याचे एक पोते होते आणि चिंध्यांच्या भावात गेले असते. सुतळी यांनी सांगितलेल्या पॉवर्सबाईही अर्थ सांगितल्यावाचून गोधडी सोडून गेल्या नाहीत, आणि ड्रेकने तर भाजण्याआधीच लिहून ठेवले. म्हणून भिंतीवर टांगण्याविषयी माझी तक्रार आता एवढीच उरली आहे की शेजारच्या पाटीवर मिझुरी पेटवे यांच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत त्या कपड्यांच्या मालकाचा उल्लेख हवा.

हाऊसटॉपचे म्हणाल तर शिवणघरातल्या बाईंना मी सरळ विचारले. त्या म्हणाल्या, पट्टी कशी लावायची ते शिक, पण कापड दुकानातून आणू नकोस, घरातले कोणाचे तरी आण. बाबांचे दोन खादीचे झब्बे आणि माझ्या भावाचा शाळेचा खाकी गणवेश आईने पुण्याहून पाठवला आहे. मधला चौकोन अजून ठरत नाही.

सुतळी

खाकी कापड कापण्याआधी एका कोपऱ्यात ओली पांढरी चिंधी दाबून रंग उतरतो का पाहा. खादीच्या शेजारी लावल्यावर पहिल्या धुण्यातच डाग पडले तर मग इलाज नाही.

भाजणी

आणि मधल्या चौकोनाला झब्ब्याचा खिसा लावा, उसवून.